आधी कागद, मग ट्वाईन

मॅडम, पोरांना ट्वाईनवर (दुवे निवडत पुढे जाणाऱ्या गोष्टी बनवायचं सॉफ्टवेअर) गोष्ट रचायला शिकवायचंय ना, मग थेट कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊ नका. पोस्टकार्डाएवढे १२ कागद घ्या, प्रत्येकावर ४०-५० शब्दांचा एक प्रसंग. पहिला आणि शेवटचा ठरलेला, मधले १० पिसून ५ जणांच्या गटाला क्रम लावायला द्यायचे. कार्डांवर आकडे नकोत, आणि ‘मग’, ‘दुसऱ्या दिवशी’ असले शब्द काढून टाका. नाहीतर पोरं गोष्ट न वाचताच क्रम लावतात. विषय इथलाच बरा: नारळी पौर्णिमेनंतर दर्यात गेलेली होडी, फाटलेलं जाळं, तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाशांतली कुरबुर. मग दोन गटांचे क्रम फळ्यावर मांडून एवढंच विचारा, चूक कोणाची वाटली? क्रम बदलला की बहुतेकदा दोषीही बदलतो. गोष्ट कशी सांगितली जाते यावर वेगळं व्याख्यान द्यायची गरजच उरत नाही.

पुढे ट्वाईन, फुकट मिळतं. दुहेरी चौकटी कंसातला शब्द, जसं [[बंदर]], म्हणजे दुवा, आणि तो पुढच्या भागाच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवा. एकीकडे ‘जेटी’, दुसरीकडे ‘जेट्टी’ झालं की नवा रिकामा भाग तयार होतो आणि गोष्ट तिथेच अडते. म्हणून नावं छोटी ठेवा: बंदर, खाडी, घर. मजकूर युनिकोडमध्येच, जुन्या डीटीपी (छपाईच्या) फॉन्टमधला चिकटवलात तर नुसती गिचमिड. ब्राउझरमध्ये केलेलं काम त्याच ब्राउझरमध्ये साठतं, कोणी डेटा साफ केला की गेलं. तासाच्या शेवटी फाइल पेनड्राइव्हवर घ्याच. तयार गोष्टीची एचटीएमएल (वेबपानाची) फाइल इंटरनेटशिवाय मोबाइलवरही उघडते, पावसाळ्यात लाइट गेली की तेवढाच आधार.