भौतिकशास्त्र शिक्षकांच्या मेळाव्यात खगोलशास्त्राचं व्याख्यान आहे. रविवार मोडून जावं का? बोर्डाच्या अभ्यासक्रमाला त्याचा काही उपयोग होतो का?

जरूर जा. मी परभणीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो आणि असे मेळावे सहसा चुकवत नाही. सत्कार, प्रास्ताविक यांत बराच वेळ जातो हे खरं, पण वक्ता तयारीचा असेल तर वर्षभर वर्गात वापरता येईल असं काहीतरी हाती लागतंच.

मागच्या वेळी विषय होता गुरुत्वीय लहरी, म्हणजे प्रचंड खगोलीय घटनांमुळे अवकाशातच उठणारे तरंग. आपल्याकडे हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ या लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे; एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. औंढ्याकडची मुलं माझ्या वर्गात आहेत. "सर, तिथं नेमकं काय करणार हो?" हे त्यांनी विचारल्यावर आपल्याला धड सांगता यायला नको का?

वक्त्यांनी प्लायवूडच्या फळीवर एक लेझर, दोन छोटे आरसे आणि मधे तिरकी बसवलेली अर्धपारदर्शक काच एवढंच आणलं होतं. किरण काचेपाशी दुभागला, दोन्ही आरशांवरून परत फिरून एक झाला आणि भिंतीवर लाल-काळे पट्टे उमटले. मग त्यांनी एका किरणाखाली नुसता तळहात धरला. कशालाही स्पर्श नाही, तरी हाताच्या उबेनं हवा तापली आणि पट्टे हळूहळू सरकायला लागले. तेवढ्यात मागे कुणीतरी खुर्ची ओढली, तर सगळे पट्टे थरथरले. लायगोही याच रचनेचं, फक्त अवाढव्य यंत्र. त्याच्या भुजा, म्हणजे दोन किरणांच्या वाटा, चार-चार किलोमीटरच्या का, त्यांच्यात निर्वात पोकळी का, जागा निवडताना जमिनीची थरथर कमी आहे हे का पाहिलं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या भिंतीवर होती. भुजांच्या लांबीतला मोजायचा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही लहान! बारावीला इंटरफेरन्स, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून असे पट्टे पडणं, आपण फळ्यावर आकृती काढून उरकतो. माझा तरी आता फळीशिवाय तो धडा सुरू होत नाही.

अकरावीसाठी गणितही तिथंच मिळालं. १४ सप्टेंबर २०१५ला पहिली लहर टिपली गेली, ती अमेरिकेतल्या लायगोच्या दोन केंद्रांपैकी लिव्हिंग्स्टनला आधी आणि हॅनफर्डला सुमारे ७ मिलिसेकंदांनी नंतर. दोन्ही ठिकाणांत सरळ अंतर अंदाजे ३,००० किलोमीटर. लहर प्रकाशाच्या वेगानं जाते, तर ती त्या रेषेशी किती कोनातून आली? मुलं कोसाइन आपणहून काढतात. एका कोनानं आकाशातली नेमकी जागा का ठरत नाही आणि औंढ्यासारखं आणखी एक केंद्र का लागतं, हेही त्यातूनच निघतं.

एक करा, चहाच्या वेळी वक्त्यांना गाठा. शून्य सावलीचा, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होण्याचा विषय मला तिथंच मिळाला. हे मे महिन्यात घडतं तेव्हा शाळा बंद असतात, पण परभणीत सूर्य जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा बरोबर डोक्यावर येतो. ढगांनी उघडीप दिली तर पाईपचा सरळ तुकडा मैदानात उभा करायचा आणि सावली नाहीशी होताना मुलांना घड्याळ बघायला लावायचं. बारा वाजून गेलेले असतात, जवळजवळ साडेबारा. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि परभणी ७७ अंशांच्याही जरा पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य इथं उशिरा माथ्यावर येतो. उरलेला फरक पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि आसाच्या कलामुळे पडतो. तो समजावायला मला एक अख्खा तास लागतो, आणि तो तास मी खुशाल देतो.