पुठ्ठा नाकाला, बाल्सा पंखाला: हाताने फेकायचं ग्लायडर

सगळं पुठ्ठ्याचं केलेलं तुमचं विमान फेकलं की नाक वर करतं, थबकतं आणि आपटतं, असं तुम्ही विचारलंय. शेपटी जड झाली आहे. पुठ्ठा टाकून देऊ नका, त्याची जागा बदला: नाकाला पुठ्ठा, पंख आणि शेपटीला बाल्सा, म्हणजे अगदी हलकं लाकूड. खालच्या मापांत शेपटीवर एक ग्रॅम वाढला की नाकात पावणेदोन ग्रॅम भरावे लागतात, आणि विमान नुसतं जड होत जातं.

बाल्सा डोळ्यांनी निवडू नका, वजन करून घ्या. 3 मिमी जाड, 100 मिमी रुंद, 915 मिमी लांब शीट 28 ग्रॅमची निघते, तशी 55 ग्रॅमचीही. पंखाला 35 ते 40 ग्रॅमची बरी. दांड्याला, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतच्या कण्याला, मात्र कडक बाल्सा हवा: 450 × 10 × 5 मिमी.

पंख 400 × 80 मिमी, 3 मिमी शीटचा. आडवी शेपटी 180 × 40 आणि उभी 60 × 50, दोन्ही 1.5 मिमीच्या. आकार आधी पातळ पुठ्ठ्यावर कापून घ्या आणि तो साचा ठेवून बाल्सा कापा. लाकडाच्या रेषा पंखाच्या लांबीच्या दिशेनेच हव्यात. आडव्या आल्या तर पहिल्याच जोरदार फेकीत पंख मधोमध मोडतो. कटरला नवं ब्लेड लावा, स्टीलची पट्टी धरून हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा. एकदाच दाबून कापलं तर ब्लेड लाकडाच्या रेषेमागे वाहवत जातं.

पंखाची खालची बाजू सपाट ठेवा. वर सर्वांत जाड भाग पुढच्या कडेपासून सुमारे एक तृतीयांशावर येऊ द्या, मागची कड 1 मिमीपर्यंत उतरवा. आधी 120 चा पॉलिशपेपर, मग 320 चा.

आता पंख मधोमध कापा. जोडाची कड टेबलाच्या काठाशी लावा, अर्ध्या पंखाचं दुसरं टोक 30 मिमी उचला आणि पॉलिशपेपर गुंडाळलेला ठोकळा उभा धरून कड घासा. दुसऱ्या अर्ध्यालाही तसंच. हा उतार बरोबर आला की दोन्ही कडा फटीशिवाय बसतात. फेविकॉलचा पातळ हात देऊन सुकू द्या, मग पुन्हा लावून जोडा, कारण लाकडाच्या कापलेल्या कडा पहिला थर शोषून घेतात. एक अर्धा टेबलावर सपाट, दुसऱ्याच्या टोकाखाली 60 मिमीचा टेकू, आणि रात्रभर हात लावायचा नाही. हा वर उचललेला कोन नसेल तर विमान कलंडल्यावर स्वतःहून सावरत नाही.

पंखाची पुढची कड दांड्याच्या नाकापासून 130 मिमीवर ठेवा आणि तिच्याखाली 2 मिमी पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा. शेपटी दांड्याच्या मागच्या टोकाला, थेट दांड्यावर. तिथे गोंद थेंबभरच. नाकाला दोन्ही बाजूंनी 90 मिमी लांबीचा पुठ्ठा लावला की आपटण्याचा मार तो घेतो. नालीदार खोक्याचा नको, कपड्यांच्या पाकिटातला साधा पुठ्ठा पुरे.

तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून 28 मिमीवर हवा. दोन बोटांवर तिथे पेलून नाकात क्ले वाढवत जा. साधारण 4 ते 6 ग्रॅम लागेल.

पहिली फेक वारा नसताना, गवतावर, खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून आणि हळू. नाक वर करून थबकलं तर अर्धा ग्रॅम क्ले वाढवा. सरळ खाली घुसलं तर तेवढीच काढा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. नीट बसलं की आठ-नऊ मीटर तरंगत जातं.

दरवेळी एकाच बाजूला वळत असेल तर क्लेला हात लावू नका. पंख समोरून, डोळ्यांच्या पातळीवर धरून बघा: कुठेतरी पीळ सापडेल. पावसाळ्यात तर हमखास. किटलीच्या वाफेवर तो भाग धरा, उलट्या दिशेने हलकेच वळवा आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा.