एर्बियमपर्यंत एनर्जी पोचते कशी?

प्रश्न: मी एम.एस्सी. फिजिक्सला आहे. सिलिकॉनमध्ये एर्बियम (एक दुर्मिळ मृदा धातू) डोप केलं, म्हणजे थोडंसं मिसळलं, की 1.54 मायक्रॉनचा प्रकाश मिळतो, पण थंडीत छान चमकणारं सॅम्पल रूम टेम्परेचरला जवळपास विझतं, असं वाचलं. असं का होतं? आणि ते शोधायला इन्फ्रारेड लेझरच का लागतो? - एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: प्रश्न फार आवडला, कारण बरेच जण 1.54 हा आकडा पाठ करतात (ऑप्टिकल फायबरमध्ये सिग्नल सगळ्यात कमी घटतो तो याच्याच आसपास) आणि पुढे जातात.

सिलिकॉनची बँडगॅप (इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी एनर्जी) 1.12 इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि एर्बियमला लागतात फक्त 0.8, मग मधलं कुठे जातं? तर हिरव्या लेझरने इलेक्ट्रॉन वर उचलला की तो थेट एर्बियमला एनर्जी देत नाही, आधी एर्बियमजवळच्या एका ट्रॅपमध्ये अडकतो, ही लेव्हल कंडक्शन बँडच्या (मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या पातळीच्या) साधारण 0.15 इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली असते, मग तिथे होल (इलेक्ट्रॉन उचलल्यावर मागे राहिलेली रिकामी जागा) येतो, दोघं एकत्र येतात आणि 0.8 एर्बियमला मिळतात, उरलेलं क्रिस्टलच्या कंपनांत जातं. आता हाच रस्ता उलटाही चालतो. एर्बियम जवळजवळ मिलिसेकंदभर एनर्जी धरून बसतो, तेवढ्यात गरम क्रिस्टलने कमी पडणारी एनर्जी पुरवली की ती परत सिलिकॉनकडे जाते आणि प्रकाश गायब! हेलियमने थंड केलेल्या सॅम्पलमध्ये ती पुरवायला कुणी नसतं.

पण तापवलं की सगळंच एकदम हलतं, नेमकी कुठली पायरी निसटली ते कळत नाही. हिरव्या लेझरचंही तेच, त्याचा फोटॉन 2.33 इलेक्ट्रॉनव्होल्टचा, तो नवेच इलेक्ट्रॉन-होल तयार करून ठेवतो. 8 मायक्रॉनच्या आसपासचा इन्फ्रारेड फोटॉन मात्र 0.15 चाच, तो नवीन जोडी करूच शकत नाही, फक्त ट्रॅपमधल्या इलेक्ट्रॉनला बाहेर काढतो. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते. आधी हिरवी पल्स, मग थोड्या वेळाने इन्फ्रारेड, आणि मधला वेळ बदलत जायचं, 1.54 चा प्रकाश कधी किती घटतो त्यावरून इलेक्ट्रॉन ट्रॅपमध्ये किती थांबतो ते समजतं. 1998 मध्ये अॅमस्टरडॅमच्या ग्रुपने नेदरलँड्समधल्या फेलिक्स या फ्री इलेक्ट्रॉन लेझरवर (वेगवान इलेक्ट्रॉनच्या झोतातून प्रकाश काढणारा लेझर) असंच करून एर्बियमचं हे दोन टप्प्यांचं एक्सायटेशन थेट दाखवलं. फेलिक्सच का, तर त्याची वेव्हलेंग्थ हवी तशी फिरवता येते. इंदूरच्या आरआरकॅट (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) मध्येही इन्फ्रारेड फ्री इलेक्ट्रॉन लेझर आहे, तो याहून लांब वेव्हलेंग्थचा.

तुमच्या लॅबमध्ये एवढं शक्य नसलं तरी क्रायोस्टॅट (सॅम्पल खूप थंड ठेवणारं उपकरण) असेल तर टेम्परेचर वाढवत प्रकाश मोजा, घट जिथे जोरात सुरू होते तिथे तीव्रतेच्या लॉगचा 1/T शी ग्राफ काढा, उतारावरून 0.15 च्या जवळपास आकडा येतो का बघा. डिटेक्टर मात्र इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा घ्या, सिलिकॉनच्या डिटेक्टरला 1.54 दिसतच नाही.