सदाफुलीच्या पानांचा रस प्यायल्याने ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) बरा होतो का?

नाही, आणि कृपा करून घरी प्रयोग करू नका. पण ही निव्वळ अफवाही नाही. सदाफुलीतूनच व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचं औषध मिळतं. १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि लहान मुलांच्या ल्युकेमियात ते आजही सर्रास देतात. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारे सूक्ष्म धागे असतात, ते हे औषध तयारच होऊ देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते, मरते.

पानात ते अगदी नाममात्र असतं, सोबतची बाकी अल्कलॉइड्स (वनस्पतीतली रसायनं) विषारी. शुद्ध औषधही फक्त शिरेतून, मोजूनमापून देतात. तरी हातापायांना मुंग्या येतात, पोट साफ होत नाही.