सत्यान्वेषी म्हणजे डिटेक्टिव्ह का?

प्रश्न असा आलाय की बंगाली रहस्यकथांचा नायक ब्योमकेश बक्षी स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवतो, तर हा शब्द मराठीत डिटेक्टिव्हसाठी सरसकट वापरता येईल का, की तो बंगालीच आहे. त्याला जोडून खाली वाद सुरू झालाय की ब्योमकेशच्या गोष्टी आता बाळबोध वाटतात, मग त्यातला शब्द तरी कशाला जपायचा. दोन्हींवर एकदमच लिहितो कारण माझ्या मते त्या वादाचं उत्तर या शब्दातच आहे.

आधी शब्द. तो संस्कृत आहे, बंगालीत उच्चार साधारण 'शोत्तान्नेशी' असा होतो एवढंच. सत्य अधिक अन्वेषी, म्हणजे शोधणारा. यातला अन्वेषण आपल्याला अजिबात परका नाही, सीआयडी म्हणजे गुन्हे अन्वेषण विभाग आणि सीबीआय म्हणजे केंद्रीय अन्वेषण विभाग, पेपरात रोज वाचतो आपण. म्हणजे अर्थ कळायला मराठी माणसाला काही अडचण नाही, पण वापरायला आहे. पक्षी-पक्ष्याला तसं सत्यान्वेषी-सत्यान्वेष्याला, म्हणून बघा मोठ्याने, जीभ अडकते. बोलण्यात रुळायचा नाही हा शब्द.

बरं मराठीत आपण काय म्हणतो, तर गुप्तहेर. हा शब्द मला कधीच पटलेला नाही. हेर म्हणजे हेरणारा, शत्रूच्या गोटात शिरून बातमी आणणारा, बहिर्जी नाईक हे खरे हेर. रस्त्यावर नावाची पाटी लावून, लोकांना घरी बोलावून त्यांची प्रकरणं ऐकणारा माणूस गुप्त कुठून झाला? पण 'खासगी गुप्तहेर' इतका रुळलाय की तो आता जाणार नाही, हिंदीत जासूसचंही तेच झालं, गुप्तचर आणि डिटेक्टिव्ह दोघांना एकच शब्द. बंगालीत गोयेंदा आहे, तो फारसीतून आलेला, त्याचा मूळ अर्थ 'सांगणारा' असा, म्हणजे खबऱ्याच्या जवळपासचा.

आणि इथेच लेखकाची कमाल आहे. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी 1932 मध्ये ब्योमकेश लिहायला घेतला तेव्हा हे दोन्ही शब्द हाताशी होते, डिटेक्टिव्ह आणि गोयेंदा. ब्योमकेशला डिटेक्टिव्ह ऐकायला बरं वाटत नाही आणि गोयेंदा तर त्याहून वाईट वाटतो, म्हणून तो स्वतःच स्वतःला पदवी देतो आणि कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवरच्या घराच्या दारावर तशी पाटी लावतो. म्हणजे सत्यान्वेषी हे धंद्याचं नाव नाहीये, एका माणसाने धंद्याचं नाव नाकारून घेतलेली ओळख आहे! ते उचलून कुठल्याही डिटेक्टिव्हला लावलं की त्यातला नकारच निघून जातो. 2015 च्या हिंदी सिनेमाचं नाव 'डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्षी!' ठेवलं होतं, मला सिनेमा आवडला पण नाव आजही खटकतं, जो शब्द त्याला नको होता तोच नावाआधी.

आता बाळबोधपणाचं. काही आक्षेप खरेच आहेत, ते मान्य करायला हवेत. 'पथेर काँटा' या गोष्टीत रस्त्याने चालणाऱ्या माणसांच्या छातीत ग्रामोफोनची पिन घुसून ती मरतात, हे आजच्या वाचकाला ओढूनताणून वाटणारच. 'सीमंत-हीरा' वाचताना शेरलॉक होम्सची एक गोष्ट आठवते. बायकांच्या रूपावरून स्वभाव ठरवणारी वर्णनं टोचतात आणि टोचायलाच हवीत. कोडं म्हणून बघितलं तर अगाथा ख्रिस्ती याहून कितीतरी घट्ट विणते.

पण कोडं सुटल्यावर ब्योमकेश काय करतो ते बघा ना. होम्सही कधीकधी गुन्हेगाराला सोडून देतो, नाही असं नाही, पण शरदिंदूंकडे हा प्रश्न देशाच्या इतिहासात जाऊन अडकतो. 'आदिम रिपु' घ्या (रिपु म्हणजे आपल्या षड्रिपूंमधलाच), 1946 च्या दंग्यांनी पेटलेलं कलकत्ता आणि शेवट थेट 15 ऑगस्ट 1947 ला. काळ्याबाजाराचा पैसा, त्यातून खून, आणि खुनी कोण हे पक्कं कळल्यावर ब्योमकेश त्याला पोलिसांकडे देत नाही. सत्य शोधणं हे आपलं काम, शिक्षा देणं नाही, हे त्याने पाटीवरच लिहून ठेवलेलं असतं आणि इथे त्याची किंमत मोजावी लागते. हे बरोबर की चूक यावर भांडता येतं, मी स्वतः अजून ठरवू शकलेलो नाही, पण बाळबोध गोष्टीवर इतकं भांडता येत नाही. शिवाय हा माणूस लग्न करतो, बायकोचं नावही सत्यवती, मुलगा होतो, म्हातारा होत जातो, भाड्याच्या घरातून स्वतःच्या घराची स्वप्नं बघतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे सगळं बासू चटर्जींच्या दूरदर्शन मालिकेतून माहीत आहे, रजित कपूर ब्योमकेश आणि सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी.

एक गोष्ट मात्र मराठी वाचकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. शरदिंदू 1938 मध्ये बॉम्बे टॉकीज या सिनेमा कंपनीसाठी लिहायला मुंबईत आले, सिनेमा सोडल्यावर 1952 मध्ये पुण्यात येऊन राहिले. मधली पंधराएक वर्षं बंद पडलेला ब्योमकेश त्यांनी याच काळात परत हातात घेतला, म्हणजे ते भिजलेलं, ट्रामच्या खडखडाटाचं कलकत्ता बरंचसं पुण्यात बसून लिहिलेलं आहे! आणि त्यांनी मुलांसाठी सदाशिवच्या गोष्टी लिहिल्या, शिवाजी महाराजांच्या सैन्यात जाणारा एक अनाथ मराठी पोरगा. बंगाली मुलं पिढ्यान्‌पिढ्या हे वाचतात आणि आपल्याकडे याचा पत्ताच नसतो, वाईट वाटतं.

तर अनुवाद करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, ब्योमकेशच्या तोंडी आणि त्याच्या दारावर सत्यान्वेषी तसाच राहू द्या, खाली टीप देऊन 'गुप्तहेर' करू नका. इतर पात्रं त्याला डिटेक्टिव्ह म्हणत असतील तर डिटेक्टिव्हच लिहा, चांगला मराठी झालेला शब्द आहे तो. आणि ज्यांनी एकच गोष्ट वाचून नाक मुरडलंय त्यांनी 'पथेर काँटा'पासून सुरुवात केली असेल तर ती बाजूला ठेवा, 'सत्यान्वेषी', मग 'अर्थमनर्थम्', आणि त्यानंतर सरळ 'आदिम रिपु' वाचा.