रंग निराळा म्हणजे प्रजाती नवी?

प्रश्न: खारफुटीच्या पानांवर पिवळ्या-नारिंगी शंखाच्या गोगलगायी दिसल्या, खोडावर मात्र तपकिरी. पिवळ्या पुस्तकातल्या चित्रांशी जुळत नाहीत. नवी प्रजाती असेल का?

उत्तर: निव्वळ रंगावरून नाही. या लिटोरारिया वंशातल्या असाव्यात. लिटोरारिया पॅलेसेन्स या एकाच प्रजातीत पिवळे, नारिंगी आणि तपकिरी असे सगळे शंख सापडतात. उलट, सारख्या दिसणाऱ्या शंखांआड वेगवेगळ्या प्रजाती असू शकतात. याच वंशातल्या ‘स्कॅब्रा’ या एका प्रजातीच्या नावाखाली एकत्र टाकलेल्या प्रजाती गोगलगायींचे अभ्यासक डेव्हिड रीड यांनी १९८६ मध्ये वेगळ्या केल्या, त्या मुख्यतः नराच्या जननेंद्रियाच्या रचनेवरून. तेव्हा पूर्ण वाढलेले नर तपासा, तेही एकापेक्षा जास्त. चपटकृमींची लागण झालेल्या नरात हा अवयव आक्रसलेला असू शकतो आणि नेमकी तिथेच फसगत होते.

प्रश्न: नमुने थेट अल्कोहोलमध्ये टाकले, तर ते आतून कुजले. असे का?

उत्तर: धोका जाणवताच गोगलगाय आत शिरून झाकण घट्ट लावते, मग अल्कोहोल आत पोचणार कसे? आधी अखंड शंखाचे फोटो घ्या. लिटरभर पाण्यात ७५ ग्रॅम स्फटिकी मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवून त्यात जीव शिथिल होऊ द्या; याला काही तास लागतात. सुई टोचूनही हालचाल झाली नाही, की पायाचा छोटा तुकडा कापून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. अल्कोहोल तुकड्याच्या दहापट हवे, दुसऱ्या दिवशी बदलायचे. हा तुकडा शरीर फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रवात) टाकण्याआधीच काढा, कारण फॉर्मॅलिन डीएनए खराब करते. उरलेले शरीर दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये बोरॅक्स घाला, नाहीतर त्यातले आम्ल शंख खाते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

प्रश्न: प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकात फरक निघाला. आता नाव देता येईल?

उत्तर: घाई नको. हे जनुक मायटोकाँड्रियातले (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातले), म्हणजे फक्त आईकडून आलेले. २८एससारखे केंद्रकातले जनुक आणि शरीररचना तीच विभागणी दाखवतात का, ते पाहा. मग खरे कंटाळवाणे काम: वंशातली जुनी नावे आणि त्यांचे मूळ नमुने तपासणे. ‘नव्या’ प्रजातीला शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेले निघणे नवलाचे नाही. एवढे करूनही ती नवी ठरली, तर एक होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत आधार ठरणारा एकच नमुना, निवडून संग्रहालयात जमा करा आणि त्या संग्रहाचे नाव लेखात लिहा. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल, तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंदणी करा. नोंदणीचा पुरावा लेखातच नसेल, तर ते नाव ग्राह्य धरले जात नाही.