मुलाचं क्रेडिट अगदी नवीन आहे, अमेरिकेत त्याच्या कार इन्शुरन्सवर आणि आमच्या प्रीमियमवर काय परिणाम होईल?

तुम्ही विचारलंय की मुलगा २३ वर्षांचा आहे, कॉलेज संपून नोकरी लागलीय, न्यू जर्सीत तुमच्याच घरी राहतोय, आता गाडी घ्यायचीय आणि एजंट म्हणतोय की क्रेडिट, म्हणजे कर्ज आणि कार्डाची बिलं कशी फेडली याची नोंद, चेक होणार. तर त्याने मुलाचा स्कोअर पडेल का, तुमचा प्रीमियम वाढेल का आणि पॉलिसी वेगळी काढावी का. मी पण न्यू जर्सीतच राहते, मुलीच्या वेळी या सगळ्यातून गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे घाबरू नका, इन्शुरन्सवाल्यांनी क्रेडिट बघितल्याने स्कोअर पडत नाही. ती सॉफ्ट इन्क्वायरी, म्हणजे स्कोअरला न लागणारी चौकशी असते, दहा कंपन्यांकडून कोट घेतले तरी काही फरक पडत नाही. गोंधळ कुठे होतो माहितीये, त्याच आठवड्यात गाडीचं लोन पण चाललेलं असतं आणि डीलर चार-पाच बँकांना अर्ज पाठवतो, त्या मात्र हार्ड इन्क्वायरी असतात, म्हणजे त्यांनी स्कोअर थोडा पडू शकतो. त्यासुद्धा दोन आठवड्यांच्या आत उरकल्या तर स्कोअर काढताना एकच धरल्या जातात, म्हणून लोनची चौकशी महिनोन् महिने रेंगाळू देऊ नका.

दुसरं, कंपनी जे बघते तो आपल्या बँकेच्या ॲपमध्ये दिसणारा स्कोअर नसतो. त्याच क्रेडिट रिपोर्टवरून वेगळा इन्शुरन्स स्कोअर काढतात. फायको या स्कोअर काढणाऱ्या कंपनीच्या इन्शुरन्स स्कोअरमध्ये साधारण ४० टक्के वजन हप्ते वेळेवर भरले की नाही याला असतं, ३० टक्के डोक्यावर कर्ज किती आहे याला, १५ टक्के क्रेडिट किती जुनं आहे याला, १० टक्के नवीन कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले याला आणि ५ टक्के कोणकोणत्या प्रकारचं क्रेडिट आहे याला. पगार किती हे त्यात कुठेच नाही. म्हणजे मुलाला कितीही चांगली नोकरी लागलेली असो, क्रेडिट जेमतेम वर्षाचं असेल तर त्या १५ टक्क्यांत तो मार खाणारच, त्याला त्याच्या हातात काही इलाज नाही. २००७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने काँग्रेसला दिलेल्या रिपोर्टमध्ये म्हटलं होतं की या स्कोअरवरून क्लेमचा अंदाज बांधता येतो. असेल, पण वाहतुकीचा एकही दंड (तिकीट) नसलेल्या, नीट गाडी चालवणाऱ्या पोराला केवळ क्रेडिट कोवळं आहे म्हणून जास्त पैसे पडावेत हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. आपल्याकडे भारतात गाडीचा विमा काढताना सिबिल कोणी विचारत नाही, गाडीची किंमत आणि नो क्लेम बोनस बघतात, म्हणून आपल्या लोकांना इथे हे सगळं फारच अजब वाटतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. क्रेडिट कोणाचं बघतात? बहुतेक कंपन्या ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याचं बघतात, म्हणजे तुमचं, कधी कधी नवरा-बायको दोघांचं. मुलगा नुसता ड्रायव्हर म्हणून तुमच्या पॉलिसीवर असेल तर त्याचं क्रेडिट सहसा हिशोबात येत नाही. पण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, तेव्हा एजंटला स्पष्ट विचारा की रेटिंगला कोणाचा इन्शुरन्स स्कोअर वापरणार, आणि उत्तर ईमेलवर घ्या. प्रीमियम तर वाढेलच, पण तो त्याच्या वयामुळे आणि नव्या गाडीमुळे. त्यात कॉलेज संपल्यामुळे गुड स्टुडंट डिस्काउंट जातो आणि लोकांना वाटतं क्रेडिट चेक केला म्हणून वाढला.

आणखी एक गैरसमज आपल्या लोकांत फार आहे की २६ वर्षांनंतर मुलांना पॉलिसीवर ठेवता येत नाही. ते हेल्थ इन्शुरन्सचं आहे हो, गाडीच्या इन्शुरन्सला वयाची अशी अट नाही. इथे बघतात तो राहतो कुठे आणि गाडी कोणाच्या नावावर आहे. मुलगा घरी राहतोय आणि टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) तुमचं पण नाव आहे तर तुमच्याच पॉलिसीवर ठेवणं सहसा बरंच स्वस्त पडतं. टायटल एकट्याच्या नावावर असेल तर बऱ्याच कंपन्या म्हणतात त्याची पॉलिसी वेगळी काढा, म्हणून गाडीची कागदपत्रं व्हायच्या आधी एजंटशी बोला, नंतर नाही. फक्त टायटलवर नाव असलं की उद्या मोठा अपघात झाल्यावर वकिलाची नोटीस तुमच्या नावाने पण येऊ शकते, त्यामुळे लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा भाग, कमीत कमी ठेवून भागवू नका. न्यू जर्सीत १ जानेवारी २०२६ पासून स्टँडर्ड पॉलिसीची किमान लायबिलिटी एका माणसाच्या दुखापतीला ३५ हजार, एका अपघातात सगळ्यांची मिळून ७० हजार आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला २५ हजार डॉलर आहे, आणि इथला हॉस्पिटलचा एकेक बिलाचा आकडा बघितला तर ती काहीच नाही.

आणि कृपा करून कोणी काहीही सांगितलं तरी घरातला लायसन्सवाला मुलगा पॉलिसीतून लपवू नका. फॉर्मवर घरातले सगळे ड्रायव्हर विचारलेले असतात, क्लेमच्या वेळी ते उघड होतं आणि मग कंपनी क्लेम नाकारू शकते.

आता माझ्या मुलीचं सांगते. तिने नोकरीनंतर वेगळा अपार्टमेंट घेतला म्हणून तिची पॉलिसी वेगळी काढली. कोट आला तो आमच्या अंदाजापेक्षा बराच जास्त, आणि मागोमाग पोस्टाने एक साधं पत्र आलं, दिसायला अगदी जाहिरातीच्या कागदासारखं. त्यात लिहिलं होतं की क्रेडिटवरच्या माहितीमुळे तुम्हाला सर्वात चांगला दर मिळाला नाही, आणि खाली कारणं, खाती फार नवीन आहेत, कार्डावरची बाकी लिमिटच्या मानाने जास्त आहे. ती म्हणाली अगं मी तर दर महिन्याला पूर्ण बिल भरते! भरत होतीच. पण तिच्या स्टुडंट कार्डाची लिमिट ५०० डॉलर, त्यावर ग्रोसरी, फोनचं बिल, गाडीचं पेट्रोल सगळं टाकलं की ४५० च्या पुढे जायचं, आणि क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या ब्युरोला जातो तो स्टेटमेंट निघतं त्या दिवशीचा आकडा, तुम्ही ड्यू डेटला सगळं भरा नाहीतर काही करा. मग तिने स्टेटमेंट निघायच्या दोन-तीन दिवस आधीच भरायला सुरुवात केली आणि लिमिट वाढवून घेतली. पुढच्या रिन्युअलला एजंटला सांगितलं की स्कोअर परत काढा, हे बऱ्याच राज्यांत मागता येतं पण आपण मागितल्याशिवाय ते स्वतःहून करतीलच असं नाही. दर खाली आला.

त्या पत्राला ॲडव्हर्स ॲक्शन नोटीस म्हणतात, फेडरल कायद्याने ते द्यावंच लागतं आणि ते मिळाल्यापासून ६० दिवसांत त्यात नाव असलेल्या ब्युरोकडून रिपोर्ट फुकट मागता येतो. रिपोर्ट नीट वाचा, आपल्या नावांचे घोळ फार होतात, वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लागलेलं असतं, आडनावाचं स्पेलिंग दोन तऱ्हेने, कधी दुसऱ्याच कोणाचं खातं आपल्यात येतं. चूक निघाली तर ब्युरोकडे डिस्प्यूट करा आणि दुरुस्त झाल्यावर इन्शुरन्स कंपनीला कळवा.

तुमचा मुलगा घरी आहे तोवर वेळ आहे तुमच्याकडे. तुमचं जुनं, कधी लेट न झालेलं कार्ड असेल तर त्याला त्यावर ऑथोराइज्ड यूजर करा, म्हणजे तुमच्या खात्यावर त्याचं नाव जोडा, त्या खात्याचं वय सहसा त्याच्या रिपोर्टवर येतं. पण तुमच्याच कार्डावर बाकी चढलेली असेल तर नका करू, ती पण त्याच्याकडे जाईल. इन्शुरन्सचे हप्ते वेळेवर भरून क्रेडिट तयार होत नाही, ते सहसा ब्युरोला कळवलेच जात नाहीत. आणि ज्यांची मुलं एच ४ (आईवडिलांवर अवलंबून असलेल्यांचा) व्हिसावरून एफ १ (विद्यार्थी) व्हिसावर आलीत आणि सोशल सिक्युरिटी नंबर नाही त्यांनी हे धरूनच चाला की क्रेडिट सापडणारच नाही. काही कंपन्या अशांना मधला दर देतात, काही जास्त लावतात, तिथे तीन-चार ठिकाणी कोट घेण्याशिवाय पर्याय नाही.

नोकरीमुळे तो उद्या बॉस्टनला किंवा कॅलिफोर्नियात गेला तर हा प्रश्नच मिटतो, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाईत कार इन्शुरन्सचा दर ठरवताना क्रेडिट वापरता येत नाही. बाकी बहुतेक राज्यांत बघतातच.

तर एजंटकडून दोन कोट मागवा, एक तुमच्या पॉलिसीवर त्याला आणि गाडीला ॲड करून, दुसरा त्याच्या एकट्याच्या नावाने, दोन्हीत कव्हरेज आणि डिडक्टिबल (क्लेममध्ये आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) अगदी सारखं ठेवून, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. पुढे कधी तो वेगळा झालाच तर नवीन पॉलिसी ज्या तारखेला सुरू होईल त्याच तारखेला त्याचं नाव तुमच्यातून काढा, मध्ये एक दिवसाचाही गॅप नको, आणि त्याच्या नावाने आधी इन्शुरन्स होता याचं पत्र तुमच्या कंपनीकडून घेऊन ठेवा, नवीन कंपनी ते मागते.